टाक्यानंतरच्या कळा

पहिल्या खेपेला सिझर झालेली बाई दुसऱ्यांदा गरोदर राहिली की घरात चर्चा बहुधा तारखेची असते. कुणी पंचांग उघडतं, नवरा रजेचा हिशेब मांडतो, आणि एकदा सिझर झालं की पुढचंही सिझरच, हे न बोलता सगळ्यांनी धरलेलं असतं. त्यात ती मधेच विचारते, या वेळी नॉर्मल नाही का होणार? काहीजणींचं म्हणणं तर त्याच्याही पुढचं असतं: कळांचं सलाईन नको, पाठीत इंजेक्शन नको, कळा आपल्या आपण येऊ देत, मी घेईन. घरचे म्हणतात, हिला काय भलतंच सुचतंय.

त्यात भलतं काही नाही. पुष्कळ बायकांना हे जमू शकतं, काहींनी या वाटेला जाऊच नये, आणि कोण कुठल्या गटातली, हे बरंचसं आधी कळतं. मात्र नुसत्या निग्रहाने हे साधत नाही. बारा आणे तयारी असते ती कागद, जागा आणि माणसं यांची. श्वास, मालिश वगैरे उरलेले चार आणे. बहुतेक ठिकाणी शिकवतात ते हे चार आणेच, म्हणून इथे क्रम उलटा घेतला आहे.

आधी टाक्याबद्दल. सिझरनंतर सिझरच, हे सूत्र न्यूयॉर्कचे डॉक्टर एडविन क्रेगिन यांनी १९१६ साली एका निबंधात मांडलं. त्या निबंधाचा रोख वेगळाच होता. पहिलं सिझरच विनाकारण करू नका, असं त्यांना सहकाऱ्यांना बजावायचं होतं. त्या काळी गर्भपिशवी उभी चिरत, तीही वरच्या जाड भागात. कळ उठते ती याच भागात. तिथला स्नायू प्रत्येक कळेला आवळतो आणि सैल होताना पूर्वीइतका लांब होत नाही, किंचित आखूडच राहतो. कळेमागून कळ असं होत गेलं की खालचा पातळ भाग आणि पिशवीचं तोंड हळूहळू वर ओढलं जातं, तोंड पातळ होऊन उघडतं. म्हणजे सगळं काम वरच्या भागाचं, आणि टाकाही तिथेच. तो उसवण्याची भीती रास्तच होती. पुढे ग्लासगोच्या मन्रो कर यांनी १९२०च्या दशकात खालच्या भागावर आडवा छेद घेण्याचा आग्रह धरला. हा भाग कळेत आवळत नाही, फक्त ताणला जातो, तिथे रक्तस्रावही कमी होतो आणि जखम चांगली भरते. आज होणारी बहुतेक सगळी सिझर याच पद्धतीची असतात.

अशा आडव्या टाक्यावर कळा घेतल्या तर काय होतं, याचा मोठा हिशेब २००४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. १९ रुग्णालयांतल्या १७,८९८ बायकांनी सिझरनंतर कळा घेऊन पाहिल्या होत्या. त्यांतल्या ७३.४ टक्के नॉर्मल बाळंत झाल्या, १२४ जणींची पिशवी टाक्यावर फाटली. म्हणजे हजारात सात. ब्रिटनच्या प्रसूतितज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजची मार्गदर्शिका दोनशेत एक असा आकडा धरते आणि सांगते की अशा बाळंतपणात बाळ दगावण्याची जोखीम पहिलटकरणीच्या कळांइतकीच असते. आधी कधीतरी नॉर्मल बाळंतपण झालेलं असेल तर यशाचं प्रमाण ८५ ते ९० टक्क्यांवर जातं.

हजारात सात ही संख्या लहान आहे, पण ज्या सातजणींच्या बाबतीत ते घडतं त्यांच्या हाती फक्त काही मिनिटं असतात. पुढची बरीचशी तयारी या मिनिटांसाठीच करायची असते.

दुसरं पारडंही रिकामं नाही. प्रत्येक सिझरबरोबर पुढच्या खेपेला वार जुन्या टाक्यात रुतून बसण्याचा धोका वाढतो. वार खाली तोंडावर आलेली असेल तर दुसऱ्या सिझरच्या वेळी ती रुतलेली सापडण्याची शक्यता सुमारे ११ टक्के, तिसऱ्या वेळी ४०. तीन मुलं हवी असलेल्या बाईने हा आकडा जरूर ध्यानात घ्यावा. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात २५.४ टक्के आणि गोव्यात ३९.५ टक्के बाळंतपणं सिझरने झाली. देशभरातल्या खासगी दवाखान्यांत हे प्रमाण ४७.४ टक्के होतं. तेव्हा हा प्रश्न थोड्याथोडक्या घरांतला नाही.

आता कपाटातून पहिल्या बाळंतपणाची फाईल काढा. डिस्चार्ज कार्डावर ऑपरेशनच्या नावाखाली ‘एलएससीएस’ अशी अक्षरं असतील. याचा अर्थ खालच्या भागातला आडवा छेद. पोटावरची खूण पाहून हे ठरवता येत नाही. कातडीवरचा छेद उभा आणि आतला आडवा, किंवा बाहेरून आडवा आणि आतून उभा, असंही होऊ शकतं. बाळ फार अपुऱ्या दिवसांचं असताना किंवा आडवं अडकलेलं असताना पिशवी कधी उभी चिरावी लागते, कधी आडवा छेद वर वाढवावा लागतो. कार्डावर तशी नोंद असेल तर नॉर्मलचा विचार सोडून द्यावा. कार्ड हरवलं असेल तर त्या दवाखान्यात जाऊन ऑपरेशनच्या नोंदीची प्रत मागा. ती मिळवायला खेटे घालावे लागले तरी घाला. पुढचे डॉक्टर तुमच्या आठवणीवर निर्णय घेणार नाहीत आणि त्यांनी तो घेऊही नये.

त्याखाली ‘इंडिकेशन’ हा शब्द असतो, म्हणजे सिझर का केलं ते. ‘ब्रीच’ असेल तर बाळ पायाळू होतं. या वेळी डोकं खाली असेल तर ती अडचण उरली नाही. ‘फीटल डिस्ट्रेस’ म्हणजे ठोके बिघडले होते. ‘एमएसएल’ म्हणजे बाळाने आत शी केली होती. हीही कारणं पुन्हा येतीलच असं नाही. ‘एनपीओएल’, म्हणजे कळा येऊनही तोंड उघडणं थांबलं, किंवा ‘सीपीडी’, म्हणजे डोकं आणि कटीर यांचा मेळ बसला नाही, असं असेल तर यशाची शक्यता थोडी घटते, तरी तीनांत दोघींच्या आसपास राहते. ‘तुझी कंबरच लहान आहे’ हा शिक्का मात्र सहज लागतो आणि जन्मभर पुसत नाही. तोंड किती सेंटीमीटरवर अडलं होतं, बाळाचं डोकं कोणत्या बाजूला वळलेलं होतं, कळा आपोआप सुरू झाल्या होत्या की तारखेआधी सलाईन लावून आणल्या होत्या, हे कळल्याशिवाय त्या शिक्क्याला फारसा अर्थ नसतो. डोकं तिरकं किंवा तोंड वर करून उतरलं तर मोकळ्या कटीरातही अडतं.

कार्डावरची तारीखही पाहा. दोन बाळंतपणांत दीड वर्षाहून कमी अंतर पडत असेल तर टाका उसवण्याची जोखीम वाढते. आणि मग सोनोग्राफीतलं ते ठरलेलं वाक्य: टाका पातळ झालाय. हे ऐकून बाईचा धीरच सुटतो. खालचा भाग गरोदरपणाच्या शेवटी पातळ होतोच, आणि किती मिलिमीटरच्या खाली धोका समजायचा याची सर्वमान्य रेषा अजून ठरलेली नाही. फारच पातळ दिसला तर डॉक्टरांचं ऐकावं, पण नुसत्या एका आकड्यावर निकाल लागत असेल तर दुसरं मत घ्यायला हरकत नाही. वार कुठे आहे हे मात्र सोनोग्राफीत नीट पाहून घ्या. ती तोंडावर असेल तर नॉर्मलचा प्रश्नच मिटतो.

कागद झाले, आता जागा. ‘तुम्ही सिझरनंतर नॉर्मल करता का?’ या प्रश्नाला डॉक्टर ‘बघू’ म्हणतात, आणि त्या ‘बघू’चा काहीही अर्थ निघतो. त्याऐवजी विचारा: रात्री तीन वाजता ठोके पडले तर भूलतज्ज्ञ किती मिनिटांत टेबलापाशी असेल? रक्त इथे मिळेल की बाहेरून आणावं लागेल? ऑपरेशन करणारे डॉक्टर तेव्हा इमारतीत असतील की घरी? अशा प्रयत्नांतल्या किती बायका तुमच्याकडे नॉर्मल होतात? तालुक्याच्या गावातल्या बऱ्याच नर्सिंग होममध्ये भूलतज्ज्ञ फोन करून बोलावलेला असतो, तो चार दवाखाने सांभाळतो. तिथले डॉक्टर नकार देतात तेव्हा तो दरवेळी पैशांसाठी नसतो. आपल्याकडे ती मिनिटं नाहीत हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. असा स्पष्ट नकार मला गोड बोलून नवव्या महिन्यात सिझरची तारीख देण्यापेक्षा बरा वाटतो.

वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आणि मोठी जिल्हा रुग्णालयं इथे भूलतज्ज्ञ, रक्त आणि बाळांचे डॉक्टर चोवीस तास मिळण्याची शक्यता जास्त असते, नॉर्मलचा प्रयत्न करण्याची सवयही असते. पण गर्दी असते, खाट वाटून घ्यावी लागते. बाळंतिणीजवळ एका बाईला थांबू द्यावं असं केंद्र सरकारने २०१६ साली सरकारी रुग्णालयांना कळवलं, २०१७च्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमातही ते आहे. तुमच्या रुग्णालयात ते पाळतात का, हे आधी जाऊन सिस्टरना विचारा. घरी सुईण बोलावून सिझरनंतरचं बाळंतपण करण्याचा विचार कुणी सुचवत असेल तर तो मनातून काढून टाका. ती मिनिटं घरात नसतात.

औषधाविना म्हणजे नेमकं कशाविना, हे कागदावर लिहून डॉक्टरांशी बोलायला हवं. आपल्याकडच्या लेबर रूममध्ये पाठीतलं इंजेक्शन, म्हणजे एपिड्युरल, मोजक्याच ठिकाणी मिळतं. त्यामुळे वेदनाशामकाविना बाळंत होणं इथे नवलाचं नाही. लाखो बायका तशाच होतात, कुणी त्यांना विचारलेलंही नसतं. सर्रास दिलं जातं ते दुसरंच: कळा वाढवायचं ऑक्सिटोसिनचं सलाईन, तोंड लवकर उघडावं म्हणून ड्रोटाव्हेरीनची इंजेक्शनं, कधी ट्रामाडोल. टाका असलेल्या बाईसाठी यातलं सलाईन सगळ्यांत महत्त्वाचं. कळा सलाईनने आणल्या किंवा वाढवल्या तर टाका उसवण्याची जोखीम आपोआप आलेल्या कळांच्या दुप्पट-तिप्पट होते. मिसोप्रोस्टॉलची गोळी तर पूर्ण दिवसांच्या, टाका असलेल्या पिशवीसाठी वापरूच नये, असं सगळ्या मार्गदर्शिका सांगतात. म्हणून इथे औषधं टाळण्यामागे केवळ हौस नाही, त्याला शास्त्राचा आधार आहे. सलाईनने कळा एकदम जोरात आणि जवळजवळ येतात, मधली उसंत जाते, आणि मग वेदनाशामकाविना त्या सोसणंही अवघड होतं.

एपिड्युरलचं तसं नाही. ते घेतलं तर टाका उसवल्याचं कळणार नाही, ही समजूत जुनी झाली. मार्गदर्शिका त्याला मनाई करत नाहीत. तेव्हा आठ तासांनी ते मागावंसं वाटलं आणि मिळत असेल तर मागावं. नको असणं ही तुमची निवड आहे, शपथ नव्हे.

काही गोष्टींना मात्र नाही म्हणू नका. हाताला सुई लावून ठेवतात ती असू द्या, तिला सलाईनची नळी जोडलेली असलीच पाहिजे असं नाही. रक्तगट जुळवून ठेवू द्या. ठोक्यांचा पट्टा लावू द्या. आणि बाळ बाहेर आल्याबरोबर मांडीत देतात ते ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन घ्या. ते कळांसाठी नसतं, अंगावरून जास्त रक्त जाऊ नये म्हणून असतं.

आता माणसं. सतत एकच विश्वासाचं माणूस जवळ असलं तर नॉर्मल बाळंतपणाचं प्रमाण वाढतं, सिझर आणि वेदनाशामकं कमी लागतात, हे अनेक देशांतल्या चाचण्या एकत्र करून दिसलेलं आहे. पुण्या-मुंबईत पैसे देऊन डूला, म्हणजे बाळंतपणात सोबत करणारी बाई, मिळते, पण ते काम मावशी किंवा थोरली जाऊही करू शकते. निवडताना एकच बघा: तुमचं ओरडणं ऐकून ती गडबडून जाणार नाही ना? स्वतःच्या बाळंतपणाची रडकथा घेऊन बसणारी नको, दर अर्ध्या तासाने ‘अजून किती?’ विचारणारीही नको. माहेरून आई येणार असेल तर तिच्याशी हे आधीच बोलून ठेवा. लेकीची कळ आईला बघवत नाही, आणि बाहेर जाऊन ‘डॉक्टर, सिझरच करा’ असं सांगणारी बहुधा तीच असते.

उरले चार आणे. सातव्या महिन्यापासून रोज चाला, जमिनीवर मांडी घालून बसा, डॉक्टरांची ना नसेल तर भिंतीला धरून उकिडवं बसण्याची सवय ठेवा. हिमोग्लोबिन वाढवा, रक्त गेलंच तर तेच उपयोगी पडतं. पस्तिसाव्या आठवड्यापासून स्वच्छ हाताने, खोबरेल लावून योनीच्या खालच्या कडेचं मालिश केलं तर खालचे टाके पडण्याचं प्रमाण, विशेषतः आधी नॉर्मल न झालेल्या बायकांत, कमी होतं. खजुराबद्दल काही छोटे अभ्यास आहेत. साखरेचा त्रास नसेल तर चार खजूर खाल्ले म्हणून बिघडत काही नाही. एरंडेलाचं मात्र नाव काढू नका. नवव्या महिन्यात ते देण्याची पद्धत काही घरांत अजून आहे, पण त्याने पोट ढवळून अवेळी, जोराच्या कळा येऊ शकतात, आणि टाक्यावर आपल्याला नेमकं तेच नको आहे.

कळेचा सराव घरी करता येतो, आणि तो करावा. फ्रीजमधला बर्फाचा खडा मुठीत घट्ट धरा आणि कुणालातरी साठ सेकंद मोजू द्या. पहिल्या वेळी दहाव्या सेकंदाला खांदे वर चढतात, दात आवळले जातात, श्वास अडतो. दुसऱ्या वेळी मुद्दाम खालचा जबडा सैल सोडा, नाकाने श्वास आत घ्या आणि तोंडाने तो दुप्पट सावकाश सोडा, सोडताना खालच्या पट्टीत हुंकार द्या. हात तेवढाच गारठतो, तरी मिनिट सरतं. नवऱ्याने त्याच वेळी तुमच्या कंबरेखालच्या सपाट हाडावर तळहाताने जोर दिला तर फरक आणखी जाणवतो. रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ साली मांडलेला सिद्धांत हाच: दाब आणि स्पर्श यांच्या संवेदना मज्जारज्जूत वेदनेची वाट अडवतात. हा दाब किती हवा, नेमका कुठे हवा, हे आठव्या महिन्यातच दोघांनी ठरवून ठेवावं. त्या दिवशी शिकवत बसायला तुम्हाला बोलायचंही सुचणार नाही.

कळा तारखेला येत नाहीत तेव्हा खरी परीक्षा होते. चाळीस आठवडे उलटले की घरातून, दवाखान्यातून दडपण यायला लागतं. एक्केचाळीसपर्यंत थांबायचं का, थांबलो तर ठोके आणि पाणी किती वेळा तपासायचं, आणि तरी नाही आल्या तर थेट सिझर की पिशवीच्या तोंडात फुगा घालून सावकाश प्रयत्न, हे सगळं छत्तिसाव्या आठवड्यातच बोलून ठेवा.

कळा सुरू झाल्या, असं समजू. पहिल्या कळा विसावा घेत येतात: पाळीच्या वेळच्यासारखं कंबरेतून दुखत पुढे येतं, दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा. हे तासन्तास चालतं, कधी रात्रभर चालून सकाळी थांबतं. जागतिक आरोग्य संघटना पाच सेंटीमीटरच्या पुढेच खऱ्या वेगाच्या कळा धरते. पहिलं सिझर कळांआधीच झालेलं असेल तर तुमचं शरीर या वाटेवर पहिलटकरणीच आहे. दुसरं बाळंतपण म्हणून झटपट उरकेल अशी आशा धरू नका. टाका नसलेल्या बाईला घरीच थांब, उशिरा ये, असं सांगतात. तुम्ही मात्र कळा नियमित झाल्या की निघा, गाव लांब असेल तर त्याच्याही आधी. पाणी गेलं, रक्त दिसलं किंवा बाळाचं हलणं कमी झालं तर कळांची वाटच पाहू नका. घरी आहात तोवर खिचडी, पेज, ताक असं हलकं खा. पुढे दवाखान्यात बहुधा घोट घोट पाणी आणि सरबतच मिळेल, कारण भूल द्यायची वेळ आली तर पोट रिकामं बरं.

दवाखान्यात पोचल्यावर कळा मंदावतात, हे अगदी नेहमीचं. अनोळखी खोली, झगझगीत दिवे, शेजारच्या खाटेवरचा आक्रोश. भीतीने अॅड्रेनलिन वाढतं आणि ऑक्सिटोसिन मागे पडतं. नेमक्या याच वेळी सलाईनची भाषा सुरू होते. ठोके चांगले असतील आणि पाणी स्वच्छ असेल तर तासभर मागून घ्या. दिवा मालवा, चादर ओढून घ्या, सोबतच्या बाईला कंबर चोळू द्या.

ठोक्यांचा पट्टा आणि हिंडणं-फिरणं यांची इथे ओढाताण होते. पट्टा काढा असं मी म्हणणार नाही. टाका उसवायला लागतो तेव्हा सगळ्यांत जास्त वेळा दिसणारी खूण म्हणजे बिघडलेले ठोके, म्हणून खऱ्या कळांत तो सतत हवा. पण पट्टा लावायचा म्हणजे उताणंच पडायचं, असं नाही. तारेच्या लांबीएवढ्या जागेत उभं राहता येतं, खाटेवर कोपरं टेकून डुलता येतं, खुर्चीवर उलटं बसता येतं, गुडघ्या-हातांवर ओणवं होता येतं. पट्टा सरकला की सिस्टर तो नीट करून देतात, कधी कुरकुर करतात, करू द्या. बाळंतपणाच्या पहिल्या टप्प्यात आडवं न राहता उभं, बसतं राहणाऱ्या बायकांचा तो टप्पा सरासरी १ तास २२ मिनिटांनी कमी होतो, असं चाचण्यांतून दिसलं आहे.

एका कळेकडे नीट पाहिलं तर ती एकसारखी नसते. आधी पोट कडक व्हायला लागतं, वीसेक सेकंदांत ती शिगेला जाते, तिथे थोडी रेंगाळते आणि उतरते. सगळी मिळून मिनिटभर. सोसायचा भाग त्यातल्या मधल्या वीस-तीस सेकंदांचा. मग दोन-तीन मिनिटं काहीच नाही. या मोकळ्या मिनिटांत पुढच्या कळेची धास्ती घेऊन आखडून बसलात तर दमाल. डोळे मिटा, पाण्याचा घोट घ्या, हातपाय सोडून द्या. काही बायकांना त्यात चक्क डुलकी लागते.

आठ-नऊ सेंटीमीटरला मात्र हे सगळं कोलमडतं. अंग थरथरतं, उलटी होते, कळांमध्ये उसंत राहत नाही, आणि आतापर्यंत शहाण्यासारखी श्वास घेणारी बाई ओरडते: मला नाही जमणार, सिझर करा! बाहेरचे नातेवाईक हे ऐकतात आणि कागदावर सही करायला धावतात. बऱ्याचदा याचा अर्थ एवढाच असतो की बाळ तास-दोन तासांवर आलंय. म्हणून सोबतच्या बाईशी आधी खूण ठरवून ठेवा. मी नुसतं ओरडले तर धीर दे, आत तपासून घे. पण अमुक एक शब्द बोलले तर मी खरंच विचार बदललाय असं समज.

याच वेळी टाक्याकडेही लक्ष हवं. कळ ओसरल्यावरही टाक्याच्या जागी दुखत राहणं, चालू कळा एकाएकी थांबणं, लघवीत रक्त, अंगावरून ताजं रक्त, खांद्याच्या टोकाला दुखणं, चक्कर, छातीत धडधड, खाली उतरलेलं डोकं पुन्हा वर गेल्याचं तपासणीत आढळणं. यातलं काहीही जाणवलं तर ‘बहुतेक असंच असेल’ म्हणून गप्प बसू नका, लगेच सांगा. नुसती कंबर सतत दुखणं हे साध्या बाळंतपणातही असतं, तरी सांगा. ठरवायचं काम त्यांचं.

प्रयत्न करणाऱ्या चार बायकांतली एक शेवटी सिझरला जाते. ठरवून केलेल्या सिझरपेक्षा कळांनंतरच्या सिझरमध्ये जंतुसंसर्गाचा आणि रक्तस्रावाचा त्रास थोडा जास्त असतो. तो या निर्णयाचाच भाग आहे आणि आधी माहीत असावा. तयारीच्या कागदावर त्याचीही एक ओळ हवी: सिझर झालं तरी बाळ स्थिर असेल तर ऑपरेशनच्या टेबलावरच माझ्या छातीवर द्या. बरीच रुग्णालयं आता हे करतात, पण न मागता देतीलच असं नाही.

तोंड पूर्ण उघडलं की लगेच जोर लावा म्हणतात. पण शी लागल्यासारखी कळ आपोआप खाली ढकलते, तोवर थांबू दिलं तर बाळ पुष्कळसं स्वतःच उतरतं. श्वास कोंडून दहापर्यंत मोजण्याची गरज नसते. शरीर लावतं तेवढा जोर पुरतो. टेबलावर पाय वर बांधण्याऐवजी कुशीवर किंवा अर्धं बसून चालेल का, हे आधी विचारलेलं असेल तर त्या घडीला वाद होत नाही. डोकं दिसायला लागलं की जळजळ होते, तेव्हा जोर थांबवून नुसतं धापा टाकल्यासारखा श्वास घ्या, म्हणजे कड सावकाश ताणली जाते. टाका आहे म्हणून खाली कट द्यायलाच हवा, असा नियम नाही.

बाळ छातीवर, नाळ मिनिटभर तरी न कापता, आणि मांडीत ते एक इंजेक्शन. वार साधारण अर्ध्या तासाच्या आत पडते. टाका शाबूत आहे का हे पाहायला आत हात घालून चाचपण्याची पूर्वीची रीत होती. रक्त जास्त जात नसेल तर त्याची गरज नाही. पुढचे दोन तास सिस्टर पोट दाबून पाहतील, नाडी मोजतील, कापड बदलतील. या दोन तासांत घाम फुटला, जीव घाबरा झाला, पोट फुगल्यासारखं वाटलं किंवा लघवी लाल झाली, तर बाळाला बघायला आलेल्यांची गर्दी बाजूला सारून त्यांना हाक मारा.